दिवाणी वकील नेमकं काय करतो, आणि चांगला दिवाणी वकील ओळखायचा कसा?

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. त्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या. त्याच सुमारास घणसोलीपासून उलव्यापर्यंतच्या गावठाणांत दुसरंही काही घडत होतं, त्याची बातमी होत नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात दिलेल्या ज्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याचे कागद कपाटातून बाहेर निघतात. भावाबहिणींत नोटिसा जातात. पेपरात 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी जाहीर नोटीस येते आणि घरातलं कुणीतरी ओळखीच्या माणसाला फोन लावतं, "एखादा चांगला वकील सांगा ना."

चांगला म्हणजे कसा, असं विचारलं तर उत्तर बहुधा एकच मिळतं. बोलायला खणखणीत हवा, समोरच्याची बोबडी वळली पाहिजे. हे चित्र सिनेमातून आलंय, आणि थोडंफार फौजदारी कोर्टातून. दिवाणी दाव्याचं भवितव्य बहुतेक वेळा दावा दाखल होण्याआधीच ठरतं, वकिलाच्या टेबलावर, कागदांच्या ढिगात. हे लोकांना आधी कळलं तर वकील निवडताना ते वेगळे प्रश्न विचारतील आणि पुढची काही वर्षं वाचतील, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

दिवाणी म्हणजे काय?

फौजदारी खटला गुन्ह्याचा असतो. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला आरोपी, आणि शेवटी शिक्षा किंवा सुटका. दिवाणी दावा हक्काचा असतो: जमीन कुणाची, पैसे कुणाचे, करार कुणी मोडला, वारस कोण. दावा लावतो तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. वादीचं लेखी म्हणणं म्हणजे वादपत्र, प्रतिवादीचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत, आणि शेवटी कोर्ट देतं तो हुकूमनामा. एवढे शब्द माहीत असले की पुढचं सगळं समजतं.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले तेव्हा अनेकांना वाटलं की जमिनीच्या दाव्यांचीही रीत बदलली. तसं झालेलं नाही. दिवाणी काम आजही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणेच चालतं. पुराव्याचा कायदा तेवढा बदलला, १८७२ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. फौजदारीत गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो. दिवाणीत दोघांपैकी कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय आहे, ते न्यायाधीश पाहतात. त्यामुळे एखादा जुना कागद, एखादी पावती, घरपट्टीवरचं नाव अशा बारीक गोष्टींनी पारडं फिरतं.

"मॅडम, दादाला धडा शिकवायचाय"

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण बेलापूरच्या कोर्टात वावरणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल. घणसोली गावठाणातलं एक आगरी कुटुंब. वडिलोपार्जित जमीन सिडकोने घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत वडिलांच्या नावे प्लॉट मिळाला. वडील गेले. भावाने बिल्डरबरोबर विकासकरार केला आणि बहिणीला ते कळलं ते शेजारणीकडून. ती वकिलाकडे येते. वकीलही बाई आहेत.

"मॅडम, दादाला धडा शिकवायचाय."

"ताई, धडा कोर्ट शिकवत नाही. कोर्टाकडून काय हवंय ते सांगा. प्लॉटमध्ये हिस्सा हवाय, पैसे हवेत, की बांधकाम थांबवायचंय?"

ताई गप्प बसतात. हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलेलाच नसतो.

इथून दिवाणी वकिलाचं काम सुरू होतं. रागाचं रूपांतर मागणीत करायचं. वादपत्राच्या शेवटी विनंतीचं कलम असतं. जे तिथे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही. म्हणून चांगला वकील पहिल्या भेटीत बोलतो कमी आणि विचारतो जास्त. वडील कधी गेले? मृत्युपत्र होतं का? तुम्ही कुठे सही केली होती का? सातबारा, फेरफार, सिडकोचं वाटपपत्र, वारस दाखला, यातलं हातात काय आहे?

"सातबाऱ्यावर फक्त दादाचं नाव आहे," ताई रडवेल्या आवाजात सांगतात. त्यावर मॅडम सांगतात तेही अनेकांना माहीत नसतं. सातबारा आणि फेरफार या महसुलाच्या नोंदी आहेत. नाव चढलं म्हणून मालकी येत नाही आणि नाव उडालं म्हणून जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय.

मग कायदा. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली सुधारणा देशभर ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्येच तसा कायदा केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून बाहेर राहिल्या होत्या. वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल आले. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वाद संपवला. वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने. अपवाद एकच महत्त्वाचा: २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल तर ते उकरून काढता येत नाही. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि मुदत. कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून हिश्शासाठी १२ वर्षं मिळतात. पण मध्ये कधी ताईंनी हक्कसोडपत्रावर सही केली असेल आणि ते फसवून घेतलं असं म्हणायचं असेल, तर ते रद्द करून मागायला ३ वर्षंच. बारा वर्षांच्या भरवशावर राहिलेल्या बहिणी या तीन वर्षांत अडकतात. मॅडम 'कुठे सही केली होती का' हा प्रश्न तीनदा तीन प्रकारे विचारतात तो याचसाठी.

दावा कुठे लावायचा, हेच अर्धं काम

ठाण्याहून वाशीची गाडी आणि पनवेलची गाडी तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गाने जातात. ऐरोली, रबाळे, घणसोली सगळं तेच, म्हणून चुकीच्या गाडीत बसलेल्यालाही तुर्भे जाईपर्यंत पत्ता लागत नाही. मालमत्तेच्या तक्रारींचं अगदी तसंच आहे. सुरुवातीला सगळ्या सारख्याच दिसतात, 'माझ्यावर अन्याय झालाय' एवढंच. पुढे वाटा फुटतात.

घोडबंदर रोडवर बुक केलेल्या फ्लॅटचा ताबा बिल्डर देत नसेल तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, किंवा ग्राहक आयोग. जे विषय रेराच्या अखत्यारीत येतात त्यांत दिवाणी कोर्टाला दावाच घेता येत नाही. सोसायटीने देखभाल खर्चाची थकबाकी वसूल करायची असेल तर उपनिबंधकाकडून वसुली दाखला. सोसायटीच्या कारभारावरून सभासदाचा वाद असेल तर सहकार न्यायालय. बिल्डर इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही भाडेकरू हलत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याखालचा सक्षम प्राधिकारी. भावाबहिणींचं वाटप मात्र दिवाणी कोर्टातच.

त्यात नवी मुंबईचा आणखी एक पेच. शहर एक, जिल्हे दोन. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे आहे तिथल्या कोर्टात लावावा लागतो. नेरूळचं घर ठाणे जिल्ह्यात, म्हणून बेलापूरचं कोर्ट. तीन स्टेशनं पुढे खारघरचं घर रायगड जिल्ह्यात, म्हणून पनवेलचं कोर्ट. तुम्ही राहता कुठे याला इथे महत्त्व नाही.

चुकीच्या ठिकाणी गेलेला काळ कायदा माफ करतो, पण तुम्ही प्रामाणिकपणे आणि नेटाने तिथे लढत होतात हे दाखवावं लागतं. माफी मिळाली तरी गेलेली तीन-चार वर्षं आयुष्यातून गेलीच.

"एवढं कागदावर कागद कशाला? कोर्टात सांगू की!"

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे. दिवाणी कामाचा पायाच त्यात आहे म्हणून जरा थांबून सांगायला हवं.

जे वादपत्रात लिहिलेलं नाही, त्याचा पुरावा देता येत नाही. साक्ष देताना एखादी मोठी गोष्ट आठवली आणि ती वादपत्रात नसली, तर समोरचा वकील उठून हरकत घेतो आणि ती बहुधा मान्य होते. वादपत्रात दुरुस्ती करता येते, पण साक्षीपुरावे सुरू झाल्यावर 'काळजी घेऊनही हे आधी मांडता आलं नाही' हे पटवून द्यावं लागतं.

म्हणून वकील तोच मसुदा चार-चार वेळा लिहितो. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, वंशावळ, आणि 'दाव्यास कारण घडले' हे कलम, म्हणजे नेमकं कधी आणि काय झालं म्हणून तुम्ही कोर्टात आलात. या एका कलमातली तारीख चुकली तर दावा मुदतबाह्य दिसू शकतो आणि समोरचा माणूस सुरुवातीलाच वादपत्र फेटाळण्याचा अर्ज देतो. वंशावळीत एक चुलत बहीण राहून गेली तर आवश्यक पक्षकार नाही म्हणून वाटपाचा दावा अडकतो. वाटपात सगळे हिस्सेदार समोर लागतात, अगदी अमेरिकेत असलेला आणि 'मला काही नको' म्हणणारा भाऊसुद्धा.

ताईंच्या बाबतीत एक चांगली गोष्ट इथेच सांगतो. महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात, पोटगीच्या व घटस्फोटाच्या कामात महिलांना कोर्ट फी माफ आहे. 'स्टॅम्पालाच लाखभर लागतील' या भीतीने कितीतरी बहिणी घरी बसतात. त्यांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

निशाणी पाच

कोर्टाच्या आवारात 'पाच झाला का?' असं एक वकील दुसऱ्याला विचारताना ऐकू येईल. दाव्याबरोबर तूर्तातूर्त मनाईचा जो अर्ज दिला जातो त्याला आपल्याकडे बहुधा निशाणी ५ असा क्रमांक पडतो, त्यावरून हे नाव रूढ झालं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत बिल्डरने बांधकाम करू नये, भावाने प्लॉट विकू नये, अशी ती मागणी असते.

न्यायाधीश तीन गोष्टी बघतात. प्रथमदर्शनी केस आहे का? मनाई दिली किंवा नाकारली तर जास्त गैरसोय कुणाची? आणि नंतर पैशाने भरून येणार नाही असं नुकसान होतंय का? या अर्जाचा निकाल काही वेळा मूळ दाव्यापेक्षा मोलाचा ठरतो. मनाई मिळाली की बिल्डर बोलणी करायला येतो, नाही मिळाली तर इमारत उभी राहते आणि ताईंच्या हातात फक्त हिशोब उरतो. त्यामुळे बांधकामाचा खड्डा खणायला सुरुवात झाल्यावर आलेला आणि चौथा मजला चढल्यावर आलेला पक्षकार, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

जाणता वकील आणखी एक करतो. दावा चालू असल्याची, म्हणजे लिस पेंडन्सची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवतो. पुढे कुणी त्या प्लॉटचा शोध घेतला की ती दिसते, आणि 'आम्हाला माहीतच नव्हतं' ही खरेदीदाराची पळवाट बंद होते.

पण खटले इतकी वर्षं का चालतात? वकीलच तारखा वाढवतात ना?

काही वकील वाढवतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. कायद्याने एका पक्षाला सुनावणीच्या टप्प्यात तीनच तहकुबी घेता येतात आणि कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यायची असते. पण साध्या दिवाणी दाव्यात ही ९० दिवसांची मर्यादा अगदी ताठर नाही असं सर्वोच्च न्यायालयानेच २००५ मध्ये म्हटलं, आणि मग अपवादाचा नियम झाला.

मोठं कारण मात्र दुसरं आहे. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत एक कोटीहून जास्त दिवाणी प्रकरणं पडून आहेत. आणि प्रत्येक दाव्याची स्वतःची दुखणी असतात. बेलिफ समन्स घेऊन जातो तर घराला कुलूप. दुसऱ्यांदा जातो तर 'ते गावाला गेलेत'. तीसेक प्रतिवादी असलेल्या वाटपाच्या दाव्यात दरम्यान कुणीतरी वारतं, मग त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणायचे, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपतो. वारसांना पुन्हा समन्स. तेवढ्यात न्यायाधीशांची बदली. लोक याला 'तारीख पे तारीख' म्हणतात, पण प्रत्येक तारखेला काय झालं हे रोजनाम्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की तहकुबी कुणी मागितली याचा अंदाज घरबसल्या येतो. वकिलाला पहिल्याच दिवशी हा क्रमांक मागून घ्या.

हा उशीर आजचाही नाही. लोकमान्य टिळक स्वतः कायदा शिकलेले, तरी ताई महाराज प्रकरणाने, म्हणजे त्यांचे स्नेही बाबा महाराज यांच्या विधवेच्या दत्तकावरून झालेल्या वादाने, त्यांचा पिच्छा कित्येक वर्षं सोडला नाही. बाबा महाराजांचं निधन १८९७ चं, आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाचा निकाल टिळकांच्या बाजूने लागला तो १९१५ मध्ये.

काहीजण यावर तोड म्हणून पोलीस ठाणं गाठतात. 'फसवणुकीची फौजदारी टाकली की दिवाणी आपोआप मिटतं.' खरोखर फसवणूक असेल तर तक्रार जरूर करावी. पण निव्वळ दिवाणी वादाला फौजदारी रंग देणं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार झिडकारलंय. असा गुन्हा उच्च न्यायालयात रद्द झाला की तोच आदेश समोरचा माणूस दिवाणी दाव्यात तुमच्याविरुद्ध दाखवत फिरतो.

उलटतपास: न विचारलेला प्रश्न

ताईंच्या दाव्यात भावाने एक कागद दाखल केला. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर वाटणीपत्र, तारीख डिसेंबर २००३. बहिणींनी हिस्सा सोडला, खाली सह्या. नोंदणी नाही. पण तारीख २० डिसेंबर २००४ च्या आधीची, म्हणजे त्यामागचा हेतू उघड आहे. ताई म्हणतात, सही माझीच दिसते, पण मी अशा कागदावर कधी केलेली आठवत नाही.

भावाच्या वकिलांनी दिलेली झेरॉक्स फक्त पुढच्या बाजूची असते. बहुतेक झेरॉक्स तशाच असतात. मॅडम कोर्टात अर्ज देऊन मूळ कागदाची पाहणी मागतात, रेकॉर्डला जाऊन तो उलटा करून बघतात. स्टॅम्प पेपरच्या मागे विक्रेत्याचा शिक्का आणि विक्रीची तारीख असते. त्या गोष्टीची त्या तिथे वाच्यता करत नाहीत. वहीत एक ओळ लिहून परत येतात.

काही महिन्यांनी भाऊ पिंजऱ्यात उभा राहतो.

"हा स्टॅम्प पेपर कुणी आणला?"

"मीच आणला."

"सह्या झाल्या त्याच्या किती दिवस आधी?"

"आदल्या दिवशी."

"सह्यांच्या वेळी कागद पूर्ण लिहिलेला होता?"

"हो, पूर्ण."

"मागची बाजू बघा. विक्रेत्याच्या शिक्क्यातली तारीख कोर्टाला वाचून दाखवा."

तो वाचतो. साल २०११. मॅडम पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

'म्हणजे हा कागद खोटा आहे, बरोबर ना?' असं त्यांनी तेव्हाच विचारलं असतं तर भाऊ काहीतरी खुलासा करून गेला असता. 'जुना फाटला म्हणून नवा केला' असं सहज म्हणाला असता. न विचारल्यामुळे विसंगती जशीच्या तशी नोंदली गेली, आणि ती युक्तिवादात वापरायला मॅडम मोकळ्या राहिल्या. मोह आवरून पुढे सरकणं हा दिवाणी वकिलाच्या स्वभावाचा गाभा आहे. बाकावर बसलेल्या ताईंना मात्र वाटतं की मॅडमनी दादाला सोडून दिलं.

समोरच्या वकिलाबरोबर चहा पितो. फुटला का?

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर दुपारी हे दृश्य रोज दिसतं. वीस मिनिटांपूर्वी एकमेकांवर तुटून पडलेले दोन वकील एकाच टपरीवर कटिंग घेतात आणि लांब उभा असलेला पक्षकार घाबरतो.

भांडण पक्षकारांचं असतं. वकिलांना तीच माणसं पुढची तीस वर्षं दर आठवड्याला समोर दिसणार असतात. ते वैर घरी नेत नाहीत म्हणूनच काम चालतं. तारीख कुठली घ्यायची, कुठले कागद मान्य करायचे म्हणजे साक्षीदार वाचतील, बिल्डर किती द्यायला तयार आहे, हे सगळं चहावर कळतं. तडजोडी बहुतेक तिथेच उगवतात. फुटण्याची शंका येण्यासारख्या खुणा वेगळ्या असतात. तुमच्या संमतीशिवाय पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन दिलं जातं, तडजोडीच्या कागदावर 'नंतर वाचा' म्हणत सही घेतली जाते, रोजनाम्यात तुमच्या बाजूने कुणीच हजर नव्हतं असं दिसतं. तेव्हा मात्र गप्प बसू नका.

हा माणूस घडतो कसा?

बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं कायद्याचं शिक्षण. प्रवेशासाठी सीईटी. ठाण्यात टीएमसी लॉ कॉलेजसारखी महाविद्यालयं आहेत, नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकलेले कितीतरी वकील तुम्हाला भेटतील. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा.

खरं शिक्षण त्यानंतर, सिनियरच्या ऑफिसात. पहिली काही वर्षं ज्युनियर तारखा घेतो, नकलांचे अर्ज देतो, दुय्यम निबंधकाकडे बसून मिळकतीच्या तीस वर्षांच्या दस्तांचा सर्च काढतो, इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीतल्या नोंदी उतरवतो. कंटाळवाणं वाटतं, पण मिळकतीचा इतिहास वाचायची नजर इथेच येते. पैसे मात्र फार थोडे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. घरून आधार नसलेली हुशार मुलं याच टप्प्यावर दिवाणी सोडून कंपनीच्या नोकरीकडे वळतात. ज्या मुलीच्या घरात आधी कुणी वकील नव्हता तीच गावठाणातल्या ताईंचं दुखणं सर्वांत चांगलं समजू शकते, आणि तिलाच टिकणं सर्वांत अवघड जातं. हे मला फार लागतं.

जे टिकतात त्यांच्यात काही गोष्टी सारख्या दिसतात. ते वाचतात, अगदी कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत. डायरीत पुढची तारीख आणि त्या दिवशी करायचं काम दोन्ही लिहितात. आवाज चढवत नाहीत, कारण दिवाणी न्यायाधीशांपुढे आवाजाचा उपयोग नसतो. आणि ते नाही म्हणतात. 'ताई, या मुद्द्यावर आपण हरू' असं फी घेण्याआधी सांगणारा वकील मिळाला तर त्याला धरून ठेवा. शंभर टक्के जिंकून देतो म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून त्याच पावली परत या.

फी किती, आणि वकील बदलता येतो का?

फीला ठरलेला दर नाही. दाव्याच्या टप्प्यांप्रमाणे फी लेखी ठरवून घ्या आणि प्रत्येक वेळी पावती मागा. 'जिंकलो तर प्लॉटचे दहा टक्के' असा सौदा वकिलाला नियमाने करता येत नाही. जाहिरात करायलाही मनाई आहे, त्यामुळे समाजमाध्यमांवर स्वतःची टिमकी वाजवणाऱ्यापासून जरा जपूनच.

वकील बदलायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. फी बाकी आहे म्हणून तो तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केलंय. फीची वसुली त्याने वेगळ्या मार्गाने करावी. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक आयोगाकडे नाही. मे २०२४ च्या निकालाने तो मार्ग बंद झाला.

तडजोड म्हणजे हार का?

सख्ख्या भावंडांच्या वाटपात तरी मला तसं वाटत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ मिळतं, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र तडजोड करताना हातात निशाणी पाचचा आदेश असला तर मिळणारा हिस्सा वेगळा असतो, नसला तर वेगळा. चांगला वकील दावा मनापासून लढतो तो बरेचदा ही बोलणी बरोबरीने व्हावीत म्हणून.

हुकूमनामा मिळाला. आता?

आता दुसरं काम सुरू. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात कुणाचा किती हिस्सा एवढंच ठरतं. प्रत्यक्ष सरस-निरस वाटप नंतर होतं. सारा भरणारी शेतजमीन असेल तर ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, प्लॉट किंवा घर असेल तर कोर्ट कमिशनर नेमून. दोन टप्प्यांमध्ये वर्षं जात होती, म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कोर्टानेच स्वतःहून अंतिम हुकूमनाम्याचं काम पुढे न्यावं, वेगळ्या अर्जाची वाट पाहू नये.

त्यानंतरही समोरचा ताबा किंवा पैसे देत नसेल तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांत देशभर ८ लाखांहून जास्त दरखास्ती प्रलंबित होत्या. दरखास्तीची मुदत साधारणपणे १२ वर्षं आहे, पण अमुक एक गोष्ट करा अशा आज्ञार्थी मनाई हुकमासाठी ३ वर्षंच. निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाले की वकिलाला दोन गोष्टी विचारा: नकलेचा अर्ज दिला का, आणि दरखास्त कधी लावायची.